देणाऱ्याच्या घरच्या पोरी

आमच्या गावात कुठेही अन्नदानाचा विषय निघाला की म्हातारी माणसं आजही माझ्या वडिलांचं नाव काढतात. "त्या वाईट सालात तुझ्या बापानं शीग लावून जवारी दिली बरं," असं माझ्या तोंडावर सांगतात आणि मी हसावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी हसत नाही. गावाला त्याचं वाईट वाटतं, पण गावाला काय वाटतं याची काळजी आमच्या घरानं एकदा पुरेशी केलेली आहे.

नेमकं साल मला विचारू नका. महाराष्ट्र व्हायचा होता, आमचा जिल्हा तेव्हा धुळ्याचा आणि नंदुरबार म्हणजे बाजाराचं गाव, एवढं आठवतं. तापीकाठची गावं केळीनं, उसानं हिरवी असतात असं लोक म्हणतात. ती विहिरीवाल्यांची हिरवळ. आमचं रान कोरडवाहू होतं. त्या वर्षी पाऊस दोनदा तोंड दाखवून गेला, कापूस बोंडावर यायच्या आधीच वाळला आणि जवारीची कणसं हातात घेतली तर फोलपटं उडायची. घरात आम्ही पाच जणं. आबा म्हणजे आमचे वडील, माय, लग्न ठरलेली मोठी बहीण, मधली मी दहा-अकरा वर्षांची, आणि पाच वर्षांची धाकली.

होळीनंतर आमच्या शाळेच्या अंगणात मुलांसाठी फुकट जेवणाचं केंद्र निघालं. शाळेत दुधाच्या पावडरीची पोती सरकारकडून आधीपासून यायची. गुरुजी म्हणाले, सुट्टी लागली की दूध बंद होईल आणि मुलं दोन महिने काय खातील? तेव्हा गावातली चार वजनदार माणसं एकत्र बसली आणि ठरलं की उरलेल्या पोत्यांतलं दूध सरकारचं, दाणे गावाचे, लाकूडफाटा भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लवस्तीतल्या, लोकांनी आणायचा आणि रोज दुपारी पोरांना कण्या आणि वरण घालायचं. कण्या म्हणजे भरडलेली जवारी, भातासारखी शिजवलेली. योजना चांगली होती. त्या गुरुजींबद्दल माझ्या मनात आजही काही वाकडं नाही.

दाणे गोळा करायला गाडी निघाली. आमच्याकडे रीतच तशी आहे. देवळाचं काम असो की सप्त्याचं जेवण, बैलगाडी वाजतगाजत दारोदार फिरते, पुढे डफ, मागे सगळं गाव. गाडी दारात उभी राहिली की घरच्या बाईनं पहिलं माप घालायचं आणि मापाला शीग लावायची, म्हणजे वर दाणे रचून टोक काढायचं. सपाट माप घातलं तर गाव बोलत काही नाही, पण लक्षात ठेवतं. आणि ज्याच्या दारावरून गाडी रिकामी गेली, त्याच्या घरी सोयरीक करायला माणसं दोनदा विचार करतात.

आमच्या कणगीत तेव्हा तळाला एका पोत्याभर जवारी होती. पाऊस येईपर्यंत पाच तोंडांना तेवढीच. हे आबांना ठाऊक होतं, मायला ठाऊक होतं आणि मला पण ठाऊक होतं, कारण कणगीत उतरून दाणे वर काढायचं काम माझं होतं.

गाडीबरोबरच्या म्हाताऱ्यानं समजूतदारपणे म्हटलं, "भाऊ, जितलं व्हई तितलं द्या. साल वाईट शे."

ही एवढी वाक्यं बोलायला नको होती त्यानं. आबांचं नाक लगेच वर गेलं. "साल वाईट दुसरासले," ते म्हणाले. "शीग लाईसन भरा."

माय आतल्या दाराशी उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि फक्त आबांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पोरेसले काय देऊ?"

"देव शे," आबा म्हणाले.

मग मायनं पहिलं माप घातलं, शीग लावून. मी कणगीत उतरून दाणे वर देत राहिले, शेवटी हातानं तळ खरवडला. बाहेर डफ वाजत होता. घरात नाही दाणा अन् मला बाजीराव म्हणा, ही म्हण मी तेव्हा ऐकली नव्हती. पुढे ऐकली तेव्हा वाटलं, कुणीतरी आमच्या दारात उभं राहूनच ती रचली असावी.

आबांच्या बाजूनं बोलायचं तर एवढंच बोलता येईल की मोठीचं लग्न रनाळ्याकडच्या एका गावात ठरलेलं होतं. घर बरं होतं आणि सोयरीक आमच्यापेक्षा वरची होती. लग्न पुढच्या वर्षी व्हायचं होतं. आमच्या घरात दाणा नाही हे तिकडे कळलं असतं तर सोयरीक मोडली असती, असं आबांना वाटत होतं. वाटत होतं म्हणते, कारण विचारलं कुणी नव्हतं.

केंद्र सुरू झालं. शाळा आमच्या घरासमोरच, मधे फक्त गाडीवाट. निंबाच्या सावलीत पंगत बसायची. भिलाटीतली पोरं, सालावर राबणाऱ्या सालदारांची पोरं, कोळ्यांची, आणि अक्कलकुव्याकडच्या डोंगरातून कामासाठी खाली उतरलेल्या माणसांची पोरं. आधी दूध, मग गुरुजी एकेकाच्या तोंडात चमचाभर माशाचं तेल घालायचे. तेही सरकारी. पोरं तोंडं वाकडी करायची आणि लगेच पत्रावळीवरच्या कण्यांकडे वळायची. कुणी कुणाची जात विचारत नव्हतं, कुणी घरची परिस्थिती विचारत नव्हतं. भूक आहे त्यानं बसावं, असं गुरुजींनी पहिल्याच दिवशी मोठ्यानं सांगितलं होतं.

पण एक गोष्ट कुणी न सांगता ठरलेली होती. ज्या घरानं दाणे दिले, त्या घरची पोरं पंगतीत बसत नव्हती. विहिरीवाल्यांच्या पोरांना गरजच नव्हती, ती घरी पोळ्या खाऊन आंब्याखाली लोळायची. त्यांच्यासाठी हा नियम म्हणजे काहीच नव्हतं. तो खऱ्या अर्थानं लागू झाला तो फक्त आमच्या घराला. वर मायची समजूत अशी की दिलेलं दान परत तोंडात घातलं तर पुढच्या जन्मी सरडा होतो.

देणाऱ्याच्या घरच्या मुलींना मात्र वाढायला बोलवायचे. तो मान होता. आबांनी मला पाठवलं. रोज दुपारी मी कण्यांची बादली घेऊन पंगतीतून फिरायची आणि कण्यांच्या वाफेनं माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. घरी आम्ही दिवसातून एकदा जेवत होतो. मोठ्या घरांचं दळण दळून माय थोडं पीठ आणायची, तेही मागच्या दारानं, कुणी बघू नये म्हणून. भाकर ती इतकी पातळ थापायची की तव्यावरून उचलताना फाटायची. मग भाजलेले चिंचोके आणि पाणी. संध्याकाळी आबा जेवल्यासारखं तोंड पुसत ओट्यावर येऊन बसायचे. मिशीला तूप लावायला तूप नव्हतं, नाहीतर तेही लावलं असतं.

धाकली आमच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून पंगत बघायची. पाच वर्षांच्या पोरीला काय कळणार घराण्याची अब्रू? एकदा तिनं मायला सरळ विचारलं, "माय, ती आपलीच जवारी शे ना? मंग आपुन काबर खावानं नही?"

मायनं तिला सरड्याची गोष्ट सांगितली. धाकलीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चालई. सरडाले काय, तो काही बी खाई लेस."

माय हसली आणि मग भिंतीकडे तोंड करून दळत बसली. मला तेव्हा मायचा राग आला होता. आता येत नाही. तिला तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता, आणि तो मार ती आमच्यापर्यंत जमेल तेवढा कमी करून पोचवत होती.

गुरुजींच्या लक्षात आलं असावं. वाढताना मी दर दोन पानांआड बादली खाली टेकवायची ते त्यांनी पाहिलं असेल. एका सकाळी ते आमच्या ओट्यावर आले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "आबा, दोघी लहान मुलींना पंगतीला बसू द्या. तिथे कुणी कुणाला विचारत नाही."

आबांनी असं पाहिलं की जणू गुरुजींनी शिवी दिली. "गुरुजी, मी देनारा शे. मन्ह्या पोरी फुकटनं खातीन का?"

"फुकटचं कसं? तुम्हीच तर—"

"तेच सांगी ऱ्हायनू. मी दिधं."

गुरुजी उठले. जाताना त्यांनी धाकलीच्या डोक्यावरून हात फिरवला. केस वाळून तांबूस झाले होते तिचे.

अखाजी जवळ आली. आमच्या खान्देशात अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, बायकांची दिवाळी, माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या वर्षी झोके बांधले, पण गाणी लवकर संपायची. अखाजीच्या आधीच्या एका दुपारी मी पंगतीत कण्या वाढत होते. दाणे देणारी माणसं त्या दिवशी खास बघायला आली होती, निंबाच्या बुंध्याशी बाजेवर बसली होती, त्यांच्यात आबा. धाकली उंबऱ्यावरून उठून गाडीवाट ओलांडून पंगतीच्या टोकाशी येऊन उभी राहिली. टोकाला भिलाटीतली तिच्याच वयाची एक पोर बसली होती. तिनं धाकलीकडे पाहिलं, पत्रावळ थोडी सरकवली आणि जमिनीवर हात थोपटून बसायची खूण केली. धाकली बसली. तिनं कण्यांचा घास उचलला आणि तोंडात घातला.

तो घास मी पाहिला. बादली खाली ठेवून मी तशीच उभी राहिले. मला वाटलं, आता खाऊ दे, आता कुणी काही करू नका.

आबा उठले. भराभर नाही, हसत हसत आले. धाकलीचा दंड धरून तिला उठवलं आणि पाण्याच्या माठाशी नेऊन तिचं तोंड धुतलं. चूळ भरायला लावली. मग तिला कडेवर घेऊन बाजेवरच्या माणसांना म्हणाले, "खेयाडी शे, खोड्या करस. आत्तेच जेवीसन वनी घरथून."

माणसं हसली. विहिरीवाल्या म्हाताऱ्यानं तर धाकलीच्या गालाला चिमटाही घेतला. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात चिंचोक्यांशिवाय काही नव्हतं. ती रडली नाही. आबांच्या खांद्यावरून ती पत्रावळीकडे बघत राहिली आणि ती भिलाटीतली पोर हातात घास तसाच धरून तिच्याकडे. मी बादली उचलली आणि पुढे वाढू लागले. दुसरं काय करणार होते?

अखाजीनंतर गावात गोवर आला. भिलाटीत आला, कोळीवाड्यात आला, विहिरीवाल्यांच्या घरीही आला. आमच्याकडे गोवर म्हणजे देवीचा पाहुणचार. औषध नाही, वैद्य नाही. दाराला निंबाचा डहाळा लावायचा, खोलीत अंधार करायचा, फोडणी द्यायची नाही. आमच्या घरात फोडणीला तेल नव्हतंच, त्यामुळे ते पथ्य आपोआप पाळलं गेलं. बाकीच्या घरची पोरं अंगावरचे ठिपके सुकले की उठून खेळायला लागली. धाकलीचे ठिपके सुकले, ताप उतरला, पण ती उठली नाही. अंधारातून बाहेर आणलं की डोळे घट्ट मिटून घ्यायची. माय म्हणाली, उजेडाची सवय गेली असेल. मग एका सकाळी तिनं उजवा डोळा उघडला तर बुबुळावर पांढुरकं काहीतरी आलेलं. डोळ्यात फूल पडलं होतं.

तेव्हा कुठे आबांनी दुसऱ्याची गाडी मागून तिला नंदुरबारला नेलं. माय आणि मी बरोबर होतो. डॉक्टर तरुण होता, परमुलखातला. त्यानं धाकलीचा डोळा पाहिला, मग तिचा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि मायला विचारलं, "काय खाते ही?"

माय आबांकडे बघू लागली. आबा म्हणाले, "घरात असतं ते." डॉक्टरसमोर ते शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचे.

"तुमच्या गावात मुलांचं केंद्र आहे ना? दूध, माशाचं तेल देतात. तिथे जात नव्हती?"

"आम्ही देणारे आहोत साहेब," आबा म्हणाले. "आमचं धान्य जातं तिथे."

डॉक्टरनं त्यानंतर आबांशी बोलणंच सोडून दिलं. मायला शेजारी बसवून सांगितलं की हा डोळा आता येणार नाही, पण दुसरा वाचवायचा असेल तर आजपासून हे तेल, दूध, शेवग्याचा पाला, जे मिळेल ते पोरीच्या पोटात गेलं पाहिजे. पोटात काही असतं तर गोवर आला तसा गेला असता, असंही म्हणाला. त्यानं बाटली फुकट दिली. आबांनी ती घेतली. गावापासून दूर, कुणी बघायला नसताना फुकटचं घेता येत होतं.

परत आल्यावर माय बदलली. तिनं कुणाला विचारलं नाही. शेजाऱ्याच्या बांधावरचा शेवगा ती दिवसाढवळ्या तोडायला लागली आणि दळणाचं पीठ पुढच्या दारानं आणायला लागली. धाकलीला केंद्रातही नेलं असतं तिनं, पण तोवर दाणे संपून केंद्र बंद झालं होतं. दुसरा डोळा वाचला तो मायमुळे.

गावानं काय म्हटलं? काही नाही. बाईनं शेवगा तोडला, बाईनं दुसऱ्याचं दळण दळलं, यावर एक शब्द कुणी काढला नाही. इतके दिवस ज्या गावाला आम्ही घाबरत होतो, ते गाव आमच्याकडे बघतच नव्हतं. त्याला त्याची कामं होती.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि मोठीचं लग्न झालं. त्यानंतरच्या अखाजीला ती माहेरी आली, अंगानं भरलेली, हसरी. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो, पुरणाच्या पोळ्या होत्या. बोलता बोलता त्या वाईट सालाचा विषय निघाला. मोठी सहज म्हणाली की तिच्या सासरच्या गावातही तसंच केंद्र होतं आणि तिचे दोन्ही दीर दोन महिने तिथेच जेवायचे.

"मन्हा सासरा सोता त्यासनासंगे पंगतमा बसे," ती हसून म्हणाली. "म्हने, सरकारनं शे, गावनं शे, म्हंजे आपलंच शे. लाज कसानी?"

ती हसत होती, आबांनी ते सगळं तिच्याच सोयरिकीपायी केलं हे तिला कुठे ठाऊक होतं? मायचा हात परातीत थांबला. मी आबांकडे पाहिलं. ज्या व्याह्यांना कळू नये म्हणून हे सगळं केलं, ते व्याही पत्रावळीवर बसून कण्या ओरपत होते. मला वाटलं, आता हा माणूस मान खाली घालेल. निदान घास तरी अडकेल.

आबांनी पोळीचा तुकडा मोडला. "त्यासनी लिधं," ते म्हणाले. "आपुन दिधं."

आणि मायकडे दुधाची वाटी पुढे केली. त्या दिवसापासून माझं आणि त्यांचं कामापुरतं बोलणं राहिलं.

धाकली वाढली. हुशार होती, काम झपाट्यानं करायची, एका डोळ्यानं कापूस वेचताना दोन डोळ्यांच्या बायकांना मागे टाकायची. पण मुलगी दाखवायची वेळ आली तेव्हा जे व्हायचं तेच झालं. माणसं यायची, चहा घ्यायची, तिच्या डोळ्याकडे एकदा बघायची आणि निरोप धाडतो म्हणून जायची. निरोप येत नव्हते. आबांनी मुलींच्या सोयरिकीसाठी अब्रू राखली होती, आणि त्याच अब्रूपायी ही एक मुलगी अशी झाली की तिला सोयरीक मिळेना. शेवटी सत्तर साल उजाडायच्या थोडं आधी तिला एका बिजवराच्या घरी दिली. माणूस आबांच्याच जवळपासच्या वयाचा. पहिल्या बायकोची पोरं धाकलीएवढी.

लग्न आमच्या दारात झालं. आबांनी कसर ठेवली नाही, दोन गावं जेवायला बोलावली. शाळेच्या अंगणातच मांडव पडला, कारण आमच्याकडे एवढी जागा कुठून असणार? आमच्यात नवरी मागून, बायकांबरोबर जेवते. पण त्या दिवशी आबा आत आले, धाकलीचा हात धरला आणि तिला बाहेर पहिल्या पंगतीत आणून बसवलं. लोक चकित झाले. आबांनी स्वतः तिचं पान मांडलं आणि स्वतः भाताचं पातेलं उचलून तिच्यासमोर वाकले. मला कळलं की इतक्या वर्षांत त्यांनी ते काहीच विसरलेलं नव्हतं. पण मला त्यांची दया आली असं मी लिहिणार नाही, कारण आली नाही.

"खाय बेटी," आबा म्हणाले. "पोटभर खाय."

धाकलीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. डाव्या डोळ्यानं बघायचं म्हणजे तिला पूर्ण मान वळवावी लागायची. आवाज चढवला नाही तिनं, रागही नव्हता आवाजात.

"आते भूक नही शे, आबा."

आबा पातेलं घेऊन तसेच उभे राहिले. पंगतीच्या टोकाकडून कुणीतरी भात मागत होतं.